देवाखालचा पासपोर्ट

मंडळी, आज सकाळी बोरीला पुतणीच्या सासरी जाऊन आलो.

पुतणी लंडनला नवऱ्यापासून वेगळी राहते. तिथं राहण्याचा तिचा हक्क पासपोर्टातल्या शिक्क्यावर आहे. नवऱ्याने तो पासपोर्टच गुपचूप बोरीला आपल्या बापाकडे धाडला.

"देवाशपथ, आमच्याकडं न्हाई," व्याही म्हणाले. "आन् नवरा सोडल्यावर इलायत कशाला पायजे तिला? येऊ द्या माघारी."

मी देव्हाऱ्यापुढे वाकलो. देवाच्या आसनाखालून निळा पुठ्ठा डोकावत होता. तो काढून खिशात घातला.

"इवाई, देव तुमचा असंल. शिक्का पोरीचा हाय."

ते सुपारी चघळत राहिले. लाजसुद्धा वाटली नाही.

पासपोर्ट रजिस्टर पोस्टाने पुतणीला पाठवला. आता तुम्हीच सांगा, देवाला चोरीच्या मालावर बसवणाऱ्याला आपण भजनात पुढे का बसवतो?