विश्रांतीचा वार

निरगुडीच्या तेलाचा वास आला की मला शेजारच्या सुभेदारांचा सुजलेला गुडघा आठवतो. मी शिक्षक, ते फौजेतले. दोघेही नुकतेच निवृत्त झालो होतो. प्रकृतीसाठी रोज सकाळी कराडहून मसूरच्या रस्त्याने सायकल चालवायची असे आमचे ठरले. सवयीप्रमाणे मी वहीत दोघांचा हजेरीपट आखला. त्यात विश्रांतीचा वार मात्र ठेवला नाही. तिसऱ्या आठवड्यात, उसाच्या फडांवर धुके उतरलेले असताना, ते फाटकापाशी गुडघ्याला तेल चोळत बसलेले दिसले. "गुरुजी, आज ऱ्हाऊ द्या. गुडघा लय ठणकतोय." "मग गैरहजेरी लावू?" मी हसत विचारले आणि खिशातले लाल पेन काढले. "आवं, तीस वर्षं फौजेत एक गैरहजेरी न्हाई माझी! तुमच्या वहीत कशाला लावून घेऊ?" असे म्हणत ते उठलेच. चढावर त्यांचे पायडल अडखळत होते. तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, तरीही मी थांबा म्हणालो नाही. परतताना त्यांना एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणावे लागले, आणि त्यानंतर ते सायकलवर बसू शकले नाहीत. आता मी एक दिवसाआड सायकल चालवतो. मधल्या दिवशी त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसतो. "आज सुट्टी व्हय, गुरुजी?" ते न चुकता विचारतात. जुन्या वहीत त्या सकाळच्या तारखेपुढे ते हजर आहेत, माझ्याच अक्षरात.