गोडं पाणी

माळा आवरताना सासऱ्यांची प्लास्टिकची बाटली सापडली. आत पाणी नाही, तळाला मिठाचा पांढरा थर. ती भरली तेव्हा आम्ही मस्कतच्या अझैबा भागात राहत होतो आणि सासरे गावाहून आले ते जुन्या सनदेची झेरॉक्स घेऊनच. इंग्रजांच्या काळात त्यांचे पणजोबा गलबतातून ओमानला गेले, समुद्रकाठच्या खाबुरा गावच्या शेखने त्यांना खजुराची बाग दिली आणि त्यांनी तिथेच दुसरा संसार थाटला. सनदेत लिहिलं होतं, ‘विहिरीचं पाणी गोडं आहे तोवर बाग तुझ्या वंशाची.’ त्या वंशातलं कुणी भेटेल म्हणून मी त्यांना गाडीतून खाबुऱ्याला नेलं. बागेत शेंडे झडलेली झाडं खांबांसारखी उभी होती. शेजारचा म्हातारा शेतकरी मोडक्या हिंदीत म्हणाला, “बाबा, समुंदर का पानी कुएँ में आया. सब लोग चला गया.” “किधर?” सासऱ्यांनी विचारलं. “अल्ला मालूम. खलास.” सासऱ्यांनी विहिरीतून बादली ओढली आणि ओंजळभर पाणी पिऊन टाकलं. “बाबा, थुंका ते! बीपी आहे तुम्हाला,” मी ओरडले. “गोडंच आहे गं,” ते म्हणाले, आणि त्यांनी बाटली भरून घेतली. शेवटच्या दिवसापर्यंत ते सगळ्यांना तसंच सांगत राहिले, मीही कधी खोडून काढलं नाही. आज बाटली कचऱ्यात टाकली.