आधी वर मी गेले

मी बावीस वर्षं होमगार्ड होते. शाळा चौथीपर्यंत. मी बोलतेय, नात लिहून घेतेय.

त्या पावसाळ्यात ड्यूटी सावर्ड्याच्या आतल्या अंगाला, डोंगराखालच्या एका वाडीत लागली. सकाळी सहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. सातला गाडी. माझी जोडीदार नसीम, खाडीकाठच्या गावची. नवरा दुबईला. तोंडानं फटकळ, कामाला वाघीण.

डोंगराला भेग गेली होती. माणसं शाळेत हलवायची, एवढंच काम. साडेदहाला वाडी जवळजवळ रिकामी झाली. वॉकीटॉकीवर प्लाटून कमांडर बोलले, "शेवटच्या घरात म्हातारी आहे. उचलून आणा. ओव्हर."

नसीम म्हणाली, "येतो साहेब. ओव्हर."

बायजाआजी खाटेवर होती. कमरेखालून चार वर्षं अधू. आम्ही आत गेलो आणि चिऱ्यांचा ट्रक ओतल्यासारखा आवाज झाला. पडवी बसली. पुढचं दार दबलं. मागल्या दाराला मातीचा ढीग. खिडक्यांना लोखंडी गज. उंबऱ्याखालून लाल पाणी आत यायला लागलं.

नसीमनं कळवलं, "आत अडकलो. तिघी. ओव्हर."

"रस्ता तुटलाय. वेळ लागेल. ओव्हर."

वीस मिनिटं आम्ही दाराला खांदे दिले. आजीच्या घरातल्या पहारीनं ठोकलं. पाणी गुडघ्याला आलं.

आजी खाटेवरनं म्हणाली, "अगो, दार काय बडवताव? वर बगा."

मी म्हटलं, "वर काय हाय?"

"कौलं. तुमी दारातनं आलाव, म्हणून तुमाला दारच दिसतंय. मी चार वरसं कौलंच बगतेय. त्या कोपऱ्यातली कौलांखालची रीप कुजलीय. पाऊस तिथनंच माझ्या तोंडावर पडतो."

नसीम म्हणाली, "म्हातारे, आधी बोलायचंस की!"

"मला इचारलंव कुठं?"

टेबल कोपऱ्यात ओढलं. पहारीनं कौलं पाडली, रीप मोडली. एक माणूस जाईल एवढं भोक झालं.

नसीम म्हणाली, "तू जा वर. माझं बूड आधी अडकलं तर तिघी खपू."

मी गेले. तिनं आमच्याकडचा दोर आजीच्या काखेतून बांधला. ती खालनं ढकलत होती, मी वरनं ओढत होते. आजी बाहेर आली. कौलांवर पालथी पडून राहिली.

मग नसीम टेबलावर चढली. डावा हात वर केला. मी मनगट धरलं. तेवढ्यात मागची भिंत आत आली.

हातात काय राहिलं नाय.

बाराच्या सुमाराला आम्हा दोघींना दोरानं उतरवलं. नसीम संध्याकाळी सापडली.

त्यानंतर वर्षभर मी परेडला गेले नाय. वर्दी ट्रंकेत. भांडी घासायचे, चूल पेटवायचे, पुन्हा भांडी. डोक्यात एकच. आधी वर मी गेले. तिनं जा म्हटलं खरं, पण मला जायचंच होतं, ते खोटं नाय. घरातले समजावून दमले. त्याच्या पुढं माझं काय सरकत नव्हतं.

एक दिवस नसीमची आई स्वतः आली. पडवीत बसली. म्हणाली, "वरीस झालं, तू घरी का येत नाय गो?"

मी सांगितलं, "चाची, आधी वर मी गेले."

चाची म्हणाली, "ती वर जाऊन काय करणार होती? तिचा उजवा खांदा निखळायचा. झाडावरनं पडली होती लहानपणी. भरली कळशी त्या हातानं उचलवायची नाय. कुणाला सांगू नको म्हणायची, ड्यूटी जाईल. ती वर असती तर तुम्ही दोघी खाली राहिला असताव."

मी म्हटलं, "मला बोलली नाय कधी."

"तुला बोलली असती तर तू तिला खाली राहू दिलं असतंस?"

मी उठले. चहा ठेवला. ती चहा पिऊन गेली.

पुढच्या परेडला मी वर्दी घातली. नसीमच्या जागी नवीन पोरगी उभी होती. परेड सुटल्यावर मी तिला पहिलं विचारलं, "खांदे बरे हायत ना तुझे?"

"का हो मावशी?"

मग मी तिला नसीम सांगितली.