राणीच्या पत्रातलं भोक

कागद खाणाऱ्या किड्याला मोरिता-साननी कधी दूषण दिलं नाही. एखाद्या जुन्या पत्राची पार चाळण झालेली असायची, आम्ही हळहळायचो आणि त्या चिमटा पुसत म्हणायच्या, "त्याने भुकेपोटी खाल्लं. माणसं पोट भरलेलं असतानाही दुसऱ्याचं नाव कुरतडतात."

जपानमध्ये, ओसाकातल्या एका संग्रहालयात त्या जुने कागद दुरुस्त करायच्या; नावामागचं 'सान' म्हणजे तिथलं 'जी'. मी रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन तिथे कंत्राटावर आले होते. खास कॅमेऱ्याने पुसट शाई वाचायची, हे माझं काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मोरिता-सान सत्तरीच्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या. म्हणाल्या, "छान. मग माने-सान, आधी हात धुऊन या."

मी फोटो दाखवून 'इथे रेघ आहे' म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "दिसलं की वाटलं?"

मी चिडायचे. "अहो, मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन बोलतच नाही. बोलता तुम्ही."

मग ते पत्र आलं. साडेपाचशे वर्षांपूर्वी यादवीत क्योतो शहर जळालं, त्या काळातलं. शोगुनच्या बायकोने एका सरदाराला लिहिलेलं. सम्राट नावापुरता, राज्य या सरसेनापतीचं, शोगुनचं चालायचं, म्हणून मी तिला राणीच म्हणते. आपल्या मुलाला गादी मिळावी म्हणून तिनेच युद्ध पेटवलं, असं इथे शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. पत्रात होतं, 'आपले सैन्य शहरात', आणि पुढे भोक. आणा की आणू नका, ते किड्याच्या पोटात गेलेलं. भोकाच्या कडेला एक पुसट डाग तेवढा उरला होता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोरिता-साननी डबा उघडलाच नाही. "माझी सासू भांडणात मला या राणीच्या नावाने हाक मारायची," त्या म्हणाल्या. "पुढे नवऱ्याने आणि दिराने दुकान वाटून घेतलं, तर गल्लीभर मीच राणी झाले. मी तर तेव्हा आजारी आईकडे गेले होते."

मी म्हटलं, "आमच्याकडेही घर फुटलं की सुनेनेच फोडलेलं असतं."

"म्हणजे राणीला तुमच्याकडेही सासर आहे," म्हणून त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माने-सान, तो डाग नीट बघा हं."

मी महिनाभर तोच बघत होते. दरम्यान मोरिता-साननी अंथरूण धरलं. पोटाचा कॅन्सर होता, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एका दुपारी मला डागात नकाराची वळणदार रेघ सापडली आणि मी टॅबलेट घेऊन दवाखान्यात धावले.

"नकार आहे, मोरिता-सान! सैन्य आणू नका असंच लिहिलंय तिने. सुटली बाई!"

त्यांचे डोळे भरून आले. स्क्रीनला न टेकवता त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, दोनदा, तीनदा. मग म्हणाल्या, "उलटं करा."

उलटं केलं की डोळा वाचायचं सोडतो, नुसतं बघतो. ही त्यांचीच रीत. मी उलटं केलं. रेघ कुठेच नव्हती. कागदाच्या धाग्यांत पसरलेले बारीक बारीक ठिपके होते.

"बुरशी," त्या म्हणाल्या.

"कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं. हो, मीच म्हटलं.

"तुम्हाला कळलं ना आता?" त्यांनी डोळे मिटले. "माझ्या सासूनेही पाहिलं काही नव्हतं, माने-सान. तिलाही वाटलंच होतं."

मी टॅबलेट बंद केला. आठ दिवसांनी त्या गेल्या. मी अहवालात लिहिलं, 'पुढील मजकूर वाचता येत नाही.'

पत्र प्रदर्शनात लागलं तेव्हा मी काचेजवळ उभी होते. मायलेकी आल्या. आईने माझं तेच वाक्य छापलेली पाटी वाचली, पत्राकडे बोट केलं आणि मुलीला म्हणाली, "हीच ती. हिनेच शहर जाळलं."

मुलीने टाचा उंचावल्या. माझ्यामुळे तिला पत्रातलं भोक दिसत नव्हतं. मी बाजूला झाले.