पार्ट येत नाही

अण्णांनी उभी हयात लिफ्ट दुरुस्त केल्या आणि माणसं बिघडवली. दोन शेजारी गुण्यागोविंदाने बोलत उभे दिसले की यांच्या जिभेला खाज सुटायची. मशीनरूममधून काळ्या हातांनी उतरता उतरता एकाच्या कानात काहीतरी सोडायचं आणि दुसऱ्याकडे बघून डोळा मिचकवायचा. कंपनीतले सोबती त्यांना कळीचा नारद म्हणत. निवृत्तीनंतर इमारती मागे राहिल्या, खोड तेवढी बरोबर घरी आली.

त्यांचा फोन त्यांच्यासारखाच होता, जुना पण ठणठणीत. बॅटरी त्यांनी स्वतःच्या हाताने बदलली होती, काचही बदलली होती. आणि एके दिवशी बँकेचं ॲप म्हणालं, आधी सॉफ्टवेअर अपडेट करा. अपडेट करायला गेले तर फोन म्हणाला, तुमच्यासाठी अपडेट नाही.

"घ्या! आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना," अण्णा म्हणाले.

त्यांची सून त्याच फोनकंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर बसायची. तिने जेवताना सरळ सांगितलं, "अण्णा, तुमच्या मॉडेलला कंपनी आता अपडेट देत नाही. नवा घेऊ या."

अण्णा गालातल्या गालात हसले. त्यांच्या बायकोला ते हसू चांगलंच ओळखीचं होतं आणि अजिबात आवडायचं नाही. 'पार्ट येत नाही' या एका वाक्यावर अण्णांनी अख्खी नोकरी काढली होती. पार्ट यायचा, पण तो गोदामात शोधायचा म्हणजे धूळ खात अर्धा दिवस जायचा, आणि वरून साहेबांचं टुमणं असायचं की नवी लिफ्ट खपवा. चोराच्या वाटा चोराला ठाऊक! सूनबाई आपल्यालाच आपलं वाक्य ऐकवतेय, असं त्यांना वाटलं.

सून आत गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "हे बघा, या महिन्यात पोरीची नोकरी पक्की व्हायचीय. तिचा साहेब केबिनच्या काचेतून सगळं बघत असतो. तिथे जाऊन काही उद्योग करू नका."

"मी काय लहान आहे?" अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन घेऊन बसले.

आत थंडगार हवा होती आणि गरम डोक्याची माणसं. भिंतीवर नव्या फोनची चित्रं, खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जुने फोन मांडीवर घेऊन बसलेली मंडळी, दवाखान्यात लेकरं घेऊन बसावं तशी. शेजारच्या खुर्चीत काठी टेकून एक आजी बसल्या होत्या. अण्णांनी मुक्कामाला आल्यासारख्या चौकश्या सुरू केल्या. कुणाचा फोन तीन वर्षांचा, कुणाचा पाच. "आणि अपडेट नाही म्हणतात? अहो, मग यांनी विकला कशाला?" असं ते ज्याच्या त्याच्या कानात सांगत सुटले. त्यांचा नंबर येईपर्यंत सगळी खोली धुमसू लागली होती.

सुनेने वर पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. पण पोरगी पक्की. "बोला काका, काय अडचण आहे?"

काका! अण्णांना मनातून कौतुक वाटलं. तेही मोठ्याने म्हणाले, "बाई, हाडं शाबूत, नाडी चालू, तरी माणूस मेला म्हणता. हा कुठला न्याय?"

मागून हशा पिकला. सून शांतपणे सांगू लागली. "काका, फोनची चिप आम्ही बनवत नाही, दुसरी कंपनी बनवते. काही वर्षांनी ती कंपनी त्या चिपसाठी लागणारं सॉफ्टवेअर द्यायचं थांबवते. मग पुढचं सगळं आमच्या गळ्यात. प्रत्येक जुन्या मॉडेलवर नवं सॉफ्टवेअर चालवून बघायचं, काही बिघडलं तर निस्तरायचं. त्याला माणसं लागतात, आणि ती माणसं नव्या मॉडेलच्या कामाला लावलेली असतात."

"म्हणजे जमत नाही, की करायचं नाही?"

"थोडं जमत नाही. थोडं परवडत नाही. आणि नवा फोन विकला की कंपनीला बरंच वाटतं, हेही खरं."

इतकं खरं बोलणारी माणसं काउंटरवर बसवत नाहीत. अण्णांनी मागे वळून हात पसरले. "ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने कबूल केलं!"

बस, गवताच्या गंजीला काडी लागली. एकाने काउंटरवर फोन आपटला. दुसरा व्हिडिओ काढू लागला. "हिची तक्रार करा! लुबाडतात लेकाचे!" सगळे एकदम काउंटरवर धावले. केबिनच्या काचेमागे साहेब उठून उभा राहिला. आणि अण्णांनी सुनेकडे पाहिलं. तिचे ओठ अजून हसत होते, पण डोळे केबिनच्या काचेकडे लागले होते.

गंमत अण्णांची होती, नोकरी तिची जाणार होती. काय अवदसा आठवली मला, त्यांना वाटलं.

"थांबा!" ते ओरडले. "ती लुबाडत नाही. लुबाडणारा कसा असतो ते मला विचारा, मी तीस वर्षं तेच केलंय. लिफ्टचा पार्ट गोदामात असायचा आणि मी लोकांना सांगायचो, पार्ट येत नाही. नवी लिफ्ट घ्या. मी खरं कारण सांगितलं का कधी कुणाला? ही पोरगी कंपनीचा स्वार्थसुद्धा लपवत नाही, आणि तुम्ही तिच्यावर धावता?"

मग काठीचा आवाज झाला. आजी उठल्या होत्या.

"कालव्याजवळची पाच मजली इमारत," त्या म्हणाल्या. "तिथे तुम्हीच होतात ना?"

अण्णांनी मान खाली घातली.

"तरीच! अहो, नवी लिफ्ट येईपर्यंत मी भाजीची पिशवी दोरीने वर ओढत होते. एकदा वांगी सगळी खालच्याच्या टकलावर पडली. अजून बोलत नाही तो माझ्याशी."

मग काय, सगळा मोर्चा अण्णांकडे वळला. जो तो आपापल्या इमारतीचं नाव सांगून जाब विचारू लागला. काउंटर मोकळा झाला. साहेब बाहेर येऊन सुनेला म्हणाला, "हे गृहस्थ कोण? तुमच्या ओळखीचे आहेत?"

"छे छे, साधं गिऱ्हाईक," अण्णा घाईघाईने म्हणाले.

"सासरे आहेत माझे," सून म्हणाली. "गिऱ्हाइकांशी कसं बोलायचं, हे मी घरी यांच्यावरच शिकले, सर."

साहेबाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि परत केबिनमध्ये गेला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. अण्णा थांबायला बघत होते, पण आजींनी त्यांच्या हातात आपली जड पिशवी दिली.

"चला, घरी सोडा मला. तुमची ती नवी लिफ्ट आता जुनी झाली. महिनाभर बंद आहे. मेकॅनिक म्हणतो, तिचाही पार्ट येत नाही."

"गोदामात असेल," अण्णा पुटपुटले. "उद्या मी स्वतः बघतो."

"उद्याचं उद्या. आज माझ्याबरोबर चढा."

आजी एकेक पायरी सवयीने चढत होत्या. अण्णा कठड्याला धरून त्यांच्या मागे. चौथ्या मजल्यावर ते मटकन पायरीवर बसले, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सून होती.

"अण्णा, साहेबांनी आत बोलावलं होतं. म्हणाले, लोक अंगावर आले तरी तुम्ही शांत राहिलात. नोकरी पक्की झाली! अण्णा? ऐकताय ना? बोलत का नाही? रागावलात का माझ्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून?"

अण्णांना बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. डोळे भरून आले, तोंड उघडलं, पण छातीचा भाता नुसता फुसफुसत राहिला. आजींनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"रागावले नाहीत गं," त्या म्हणाल्या. "जिने चढताहेत. अजून एक मजला बाकी आहे."