नरेशदादांना मी पाडलं तेव्हा

नरेशदादांना मी एकदा पाडलंय.

खरंच पाडलंय. उधव्याकडच्या कातळावर, तीन वर्षांपूर्वी.

क्लाइंबिंगमध्ये एक जण चढतो, दुसरा खाली उभा राहून त्याची दोरी धरतो. ती दोरी खालच्याच्या कमरेला लावलेल्या छोट्या यंत्रातून जाते. बिले डिव्हाइस. वरचा घसरला की खालच्याने तिथे दोरी अडवायची.

दादा घसरले. त्यांच्या वजनाने मी वर खेचले गेले, घाबरले आणि माझा हात सुटला.
त्यांच्या पायाचं हाड मोडलं.

मी सत्तेचाळीस किलो. दादा शहाऐंशी. चिखल्याला त्यांची चिकूची वाडी, आणि पन्नाशीत लागलेलं हे कातळाचं वेड. त्यातूनच आमची ओळख.

मी हार्नेस, म्हणजे दोरी अडकवायचा कमरेचा पट्टा, कपाटात कोंबला. तलासरीच्या शाळेतली नोकरी, माझा वर्ग, घर. बास झालं क्लाइंबिंग.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन.
"काय बाय, तुझा हात चुकला का यंत्र?"
"माझाच हात, दादा."
"तुला काय माहीत? ये वाडीत, बघू."

मला वाटलं, बोलावून चांगलं सुनावणार.

गेले तर दादा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसलेले. बाजूला शहाऐंशी किलोचं पोतं. आत टाकाऊ चिकू.
"हा मी," म्हणाले.

आंब्याच्या जाड फांदीला कडी, कडीतून दोरी, दोरीच्या एका टोकाला पोतं, दुसरीकडे मी. कामगारांनी पाण्याच्या टाकीवरून पोतं ढकलायचं आणि मी अडवायचं.

आधी माझं जुनं, साधं नळीसारखं डिव्हाइस. त्यात सगळी मदार हातावर. पोतं सुटलं, मी हवेत, दोरी हातातून सरसर.

मग नवीन, झटका बसला की दोरी आपोआप चिमटीत धरणारं. यावेळी पोतं थेट जमिनीवर. फुटलं. चिकूचा नुसता लगदा!

मी दोरी उलटी घातली होती.

मला रडूच फुटलं. "दादा, यात तुम्ही असता तर?"
"म्हणून तर पोतं आहे ना! रडतेस काय? इकडे आण, दोरी कुठून सरकली ते दाखव."

माणसाला राग म्हणून नव्हताच. नुसते प्रश्न. ओली दोरी चिमटते का? जाड दोरी अडकते का? तू डावखुरी असतीस तर?

दोरी सरळ घातली, तेव्हा डिव्हाइसने पोतं धरलं. पण मी तरीही वर गेलेच.
"म्हणजे तुला उडण्यापासून हे वाचवत नाही," दादा खूश. जणू बक्षीस लागलं.
शेवटी माझा हार्नेस मागच्या बुंध्याला बांधला. पोतं थांबलं. मीही जागेवर.

नवीन डिव्हाइस ठरलं. हात मात्र दोरीवरून काढायचा नाही, चिमटा असला तरी.

पाय बरा झाल्यावर पुन्हा तोच कातळ. मी म्हटलं, "दादा, दोरी दुसऱ्या कुणाला द्या."
"कशाला? तूच धर."

मला मागच्या झाडाला बांधलं. दोरी दोघांनी तपासली. दादा चढले. मागे जिथून घसरले होते, तिथे पोचले.
आणि त्यांनी हात सोडले.

मुद्दाम. न सांगता.

दोरी ताणली, मला कमरेत हिसका बसला. दादा वर लोंबकळत होते. मी धरलं होतं त्यांना.

मी खालून ओरडले, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"
"सांगून सोडलं असतं तर तू तयारीत राहिली असतीस. मग कळलं काय असतं?"

मी हसतही होते, रडतही होते. दोरीवरचा हात न काढता त्यांना हळूहळू खाली सोडलं.

त्यानंतर मी कितीतरी जणांची दोरी धरलीय. ती हिंमत दादांची देणगी.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. वाडीतच, चहा पिता पिता गेले.

दादा, एक विचारायचं राहूनच गेलं. नुकताच जुळलेला पाय, आणि खाली मी, तुम्हाला पाडलेली.
हात सोडताना भीती वाटली होती का हो?

तुमच्या आठवणीला मनापासून नमस्कार. 🙏