मुंगी रडत नाही

लिफ्टच्या मेकॅनिकला एका जागी बसवत नसे. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय हलत असायचा, आणि फोन वाजला की तोंडातला घास गिळायच्या आत तो चपला शोधू लागायचा. कुठल्या ना कुठल्या इमारतीत कोणीतरी अडकलेलंच असायचं. बायको म्हणायची, "पायाला भिंगरीच बांधून आलायस तू." तीही काही निवांत नव्हती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. कधी पहाटेची पाळी, कधी दुपारची. नवराबायको एकमेकांना बहुतेक दारातच भेटत. एक आत येतंय, दुसरं बाहेर पडतंय, आणि मधे उभी त्यांची चार वर्षांची मुलगी.

तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने बारीक, आवाज नाही, सांगितलेलं निमूट ऐकणार. पाळणाघराच्या दारात बाकीची पोरं आईबापाच्या गळ्यात पडून सगळी इमारत डोक्यावर घ्यायची. मुंगी सँडल काढून कोपऱ्यात नीट लावायची, हात हलवायची आणि आत जायची. "कुठून आणलीत हो एवढी शहाणी?" असं कोणी विचारलं की मेकॅनिकच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. घरीही तसंच. सुट्टी कोणी घ्यायची, पोरीला आणायला कोणी जायचं, यावरून आईबापांचे आवाज चढले की मुंगी आपणहून सँडल घालून दाराशी जाऊन बसायची. निघायची तयारी करते बिचारी, असं दोघांना वाटे. त्याचंही कौतुकच होई.

त्या संध्याकाळी तो तिला घ्यायला गेला तेव्हा त्याच्या कानाला फोन होता. पलीकडून सुपरवायझर ओरडत होता. नुकतीच दुरुस्त केलेली लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबत होती. मेकॅनिक रस्ताभर त्याला समजावत राहिला. मुंगी रोज ज्या हाताने बाबाचं बोट धरायची, तो हात पोटाशी घेऊन दुसऱ्या बाजूने चालत होती. घरी येऊन तो तिचा फ्रॉक काढायला गेला तर बाही निघेना. मनगटाच्या वर हात टम्म सुजला होता, काळानिळा पडला होता.

"हे काय? कधी झालं?"

"काही नाही झालं."

"दुखतंय का?"

मुंगीने आधी त्याचा चेहरा नीट पाहिला. चिडलाय का, ते बघून घेतलं. मग म्हणाली, "थोडंसं. तू फोनवर होतास ना."

दवाखान्यात फोटो काढला. हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी हात उचलला तशी मुंगी कळवळली आणि लगेच त्यांनाच म्हणाली, "सॉरी." डॉक्टर थबकले. "सूज दुपारची दिसतेय. तेव्हापासून ही गप्प आहे?" त्यांनी विचारलं, तेव्हा लॅबमधून धावतपळत आलेल्या आईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक पाळणाघरात गेला तो भांडायलाच. पाळणाघर चालवणाऱ्या काकू उंबऱ्यातच उभ्या होत्या. कडेवर एक रडकं पोर, खांद्यावर त्याची लाळ.

"तुमचं लक्ष कुठे होतं?" तो गरजला. "पोरीचा हात मोडतो आणि तुम्हाला पत्ता नाही?"

"नव्हतं लक्ष," काकू म्हणाल्या.

आता त्या कारणं सांगतील, आवाज चढवतील, म्हणून तो कंबर कसून उभा होता. पण काकूंच्याच डोळ्यांत पाणी आलं. "घसरगुंडीवरून पडली, ते पाहिलं मी. लागलं का विचारलं. नाही म्हणाली आणि उठून खेळायला गेली. दुसरं कोणी असतं तर मी कपडे काढून बघितलं असतं. पण मुंगी ना! एवढ्या पोरांत एक तरी शहाणं आहे, म्हणून मी तिच्याकडे बघायचंच सोडलं होतं. माझं चुकलं."

मेकॅनिकचं अवसानच गळालं. शिव्या ओठांवर होत्या, त्या तिथेच वाळल्या. तो वळला, तेवढ्यात काकू हळूच म्हणाल्या, "एक सांगू? दुसरं पोर रडायला लागलं ना, की ती जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवते. 'रडू नको, काकू दमल्यात' म्हणते. मला वाटायचं, किती माया आहे पोरीला."

'रडू नको, आई दमलीय.' 'ओरडू नको, बाबा फोनवर आहे.' हे शब्द कुठल्या घरातले, ते त्याला कोणी सांगायला नको होतं.

दिवसभर त्याचं कामात चित्त लागलं नाही. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये ब्रेक घट्ट करताना पाना दोनदा हातातून सुटला. तो स्वतः मामाकडे वाढला होता. मामी वाईट नव्हती. पण परक्या घरात वाढणारं पोर आधी पाय न वाजवता चालायला शिकतं, तसा तो शिकला. भूक लागली तरी कोणी दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय पानावर बसायचा नाही. 'मी कोणाला कधी त्रास दिला नाही,' असं तो आजवर छाती फुगवून सांगायचा. पण त्याला तर आई नव्हती. मुंगीला आई होती, बाप होता, स्वतःचं घर होतं.

संध्याकाळी त्याने बायकोला हे सगळं सांगितलं, तशी ती भडकली. "म्हणजे आता पोर शहाणी निघाली हाही आपलाच गुन्हा? मी काय नोकरी सोडू?"

"मी तसं म्हणालो का?"

"मग कसं म्हणालास?"

"अगं, हळू बोल!"

"हळूच बोलतो आपण! सगळं हळूच चालतं या घरात!"

दाराशी खुडबुड झाली. मुंगी खाली बसून सँडल घालत होती. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हाताने पट्टा लागत नव्हता. ती दातांत ओठ धरून पुन्हा पुन्हा तो ओढत होती. 

आई तिच्याजवळ फरशीवर बसली. "कुठे निघालीस गं?"

"पाळणाघरात. मग तुम्ही नाही भांडणार."

आईने तिला जवळ ओढलं. "आम्ही भांडतो ते आमच्यामुळे, राणी. तुझ्यामुळे नाही. तू इथेच राहायचं."

मुंगीने जरा विचार केला. "मग सँडल काढू?"

त्यानंतर घर काही जादूने बदललं नाही. आईने पहाटेची पाळी बदलून मागितली, ती महिन्याभराने मिळाली. मेकॅनिक पाळणाघराच्या दारात फोन खिशात ठेवू लागला. खिशात तो थरथरायचा, आणि याचे पाय शिवशिवायचे. काकू रोज मुंगीला आपण होऊन मांडीवर घेत. मुंगी आधी लाकडासारखी ताठ बसायची.

प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते. एके सकाळी पाळणाघराच्या पायरीवर मुंगीने बाबाचं बोट सोडलंच नाही. "मला नाही जायचं," ती म्हणाली. मग ओरडली. मग जमिनीवर लोळण घेतली, हातपाय झाडले, समजवायला वाकलेल्या बापाला लाथ मारली. रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. "काय हट्टी पोर!" कोणीतरी पुटपुटलं. खिशात फोन वाजत होता.

मेकॅनिक पायरीवर बसला. हसावं की रडावं त्याला कळेना. काकू बाहेर आल्या, त्यांनी पाहिलं आणि त्याही शेजारी टेकल्या.

"रडतेय," तो म्हणाला.

"ऐकतेय ना मी," काकू म्हणाल्या. "चांगला आवाज आहे की."

त्या दिवशी उशीर झाला म्हणून कामावर त्याने पोटभर बोलणी खाल्ली, तीही खुशीत. पण जिवाला लागलेला घोर काही गेला नाही. एरवी कधी मुंगी हसत घरी आली, की त्याला वाटे, हे हसू खरं आहे, की माझं तोंड बघून आणलेलं?

"आज मजा आली," ती सांगायची.

"खरंच?"

"हो."

"कुठे लागलं-बिगलं नाही ना?"

"नाही म्हटलं ना! सारखं काय विचारतोस रे!" मुंगी एकदा वैतागून पाय आपटत आत निघून गेली. तो तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. बरं वाटलं त्याला. आणि तरी थोड्या वेळाने, उगाच काहीतरी निमित्त काढून, तो तिच्या मागोमाग खोलीत डोकावून आलाच.